ग्राही-स्थिती आणि स्तनाच्या कर्करोगातील जीवितकाल : एका रूढ समीकरणाची चिकित्सा

सारांश

स्तनाच्या कर्करोगाच्या निदानात अर्बुदाची ग्राही-स्थिती हा आज अपरिहार्य घटक मानला जातो. 'ग्राही सकारात्मक असल्यास रुग्ण अधिक जगते, नकारात्मक असल्यास कमी' असे त्याचे सुलभ समीकरण पाठ्यपुस्तकांपासून महाविद्यालयीन शोधनिबंधांपर्यंत सर्वत्र आढळते. हे समीकरण पूर्णतः चुकीचे नाही, परंतु ते अपुरे आहे. उपचार, कालावधी, रोगाची अवस्था आणि चाचणीची विश्वसनीयता या चार गोष्टी वगळून ते मांडले गेल्यास दिशाभूल करणारे ठरते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : संप्रेरक-ग्राही, हर-२, ट्रिपल निगेटिव्ह, जीवितकाल, विकृतिशास्त्रीय चाचणी.

प्रस्तावना

स्तनातील गाठीचा तुकडा तपासून आल्यानंतर अहवालाच्या अखेरीस तीन ओळी असतात : ईस्ट्रोजेन-ग्राही, प्रोजेस्टेरॉन-ग्राही आणि हर-२. प्रत्येकीपुढे 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असा शेरा असतो. या तीन शेऱ्यांवर पुढील उपचार ठरतात. रुग्णाच्या कुटुंबाला मात्र त्या ओळींत उपचारापेक्षा आयुष्याची मर्यादाच लिहिलेली दिसते. वैद्यकीय साहित्यातील काही सरधोपट विधाने या समजुतीला खतपाणी घालतात.

ग्राही म्हणजे पेशीतील असे प्रथिन की ज्याला विशिष्ट संप्रेरक किंवा वाढीचा संदेश येऊन जुळतो. ईस्ट्रोजेन-ग्राही प्रामुख्याने पेशीकेंद्रात असतो. हर-२ हे प्रथिन पेशीच्या आवरणावर असते. एखाद्या अर्बुदात हे ग्राही असणे म्हणजे त्या अर्बुदाची वाढ कोणत्या संदेशावर अवलंबून असू शकते याची खूण असणे होय. ही खूण आयुर्मानाविषयी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हा या चिकित्सेचा विषय आहे.

१. संकल्पनेचा उगम : उपचार आधी, ग्राही नंतर

ग्राहीची संकल्पना रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधण्यासाठी जन्माला आलेली नाही, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्तनाच्या प्रगत कर्करोगात अंडाशय काढून टाकल्याने रोग मागे हटल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी ईस्ट्रोजेनचा शोधही लागलेला नव्हता. दुभत्या जनावराचे अंडाशय काढल्यास दूध अधिक काळ टिकते, ही पशुपालकांना ठाऊक असलेली गोष्ट बीटसन यांच्या विचारामागे होती. पुढे अशा शस्त्रक्रियांचे अनुभव एकत्र केले गेले तेव्हा सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच लाभ होतो असे दिसले. उरलेल्या दोन तृतीयांशांना तो का होत नाही, हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ अनुत्तरित राहिला.

शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी हायड्रोजनची खूण लावलेले ईस्ट्रोजेन वापरून त्याचा शरीरातील माग काढला आणि ते विशिष्ट प्रथिनाला चिकटते हे दाखविले. अर्बुदात हे प्रथिन असलेल्या स्त्रियांनाच संप्रेरक-उपचाराचा लाभ होतो, हे त्यातून स्पष्ट होत गेले. गर्भनिरोधक म्हणून अयशस्वी ठरलेले टॅमॉक्सिफेन हे औषध याच काळात कर्करोगाकडे वळविण्यात आले. अमेरिकेत त्याला १९७७ मध्ये मान्यता मिळाली.

या इतिहासाचा अर्थ असा की ग्राही-चाचणीने मूलतः 'कोणाला कोणता उपचार लागू पडेल' या प्रश्नाचे उत्तर दिले. 'कोण किती जगेल' हा प्रश्न तिच्यावर नंतर लादला गेला. पहिल्या अर्थाने चाचणी प्रतिसाददर्शक असते, दुसऱ्या अर्थाने पूर्वानुमानदर्शक. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळणे हा या विषयावरील लेखनातील मूलभूत दोष आहे.

टॅमॉक्सिफेनविषयीच्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात वीस चाचण्यांतील एकवीस हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. ईस्ट्रोजेन-ग्राही सकारात्मक असलेल्या स्त्रियांनी सुमारे पाच वर्षे हे औषध घेतल्यास पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगजन्य मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते, असे त्यातून दिसले. ग्राही नसलेल्या अर्बुदांत औषधाचा परिणाम जवळजवळ आढळला नाही. म्हणजेच 'सकारात्मक' स्त्रीचे अधिक जगणे हा केवळ तिच्या अर्बुदाचा गुण नाही. पाच वर्षे न चुकता घेतलेल्या गोळीचाही त्यात वाटा आहे. गोळी मध्येच सुटली, तर अहवालावरचा शेरा तोच राहतो, परंतु त्याच्याशी निगडित आयुर्मान तेच राहत नाही.

२. हर-२ : अर्थ बदललेली खूण

हर-२ चा इतिहास या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. डेनिस स्लॅमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात १८९ अर्बुदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ३० टक्के अर्बुदांत या जनुकाच्या अतिरिक्त प्रती होत्या आणि अशा स्त्रियांमध्ये रोग लवकर उलटत होता व मृत्यू लवकर येत होता. आजच्या मोजणीनुसार हे प्रमाण सर्वसाधारणपणे १५ ते २० टक्के मानले जाते. हर-२ सकारात्मक असणे म्हणजे वाईट भवितव्य, हे समीकरण त्या काळी वस्तुस्थितीला धरून होते.

१९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. प्रसारित रोगात केमोथेरपीला त्याची जोड दिल्यास मध्यमान जीवितकाल २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांपर्यंत वाढतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. २००५ मध्ये प्राथमिक अवस्थेतील रोगाविषयीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले; रोग उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. अमेरिकेतील दोन चाचण्यांच्या दीर्घकालीन एकत्रित विश्लेषणात दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७५.२ टक्क्यांवरून ८४.० टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०१४ मध्ये नोंदविले गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीतील २०१० ते २०१३ या काळात निदान झालेल्या स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चार वर्षांचे जीवितप्रमाण असे होते : संप्रेरक-ग्राही सकारात्मक व हर-२ नकारात्मक ९२.५ टक्के, दोन्ही सकारात्मक ९०.३ टक्के, संप्रेरक-ग्राही नकारात्मक व हर-२ सकारात्मक ८२.७ टक्के, तिन्ही नकारात्मक ७७.० टक्के. एके काळी अशुभ मानली गेलेली खूण असलेल्या स्त्रिया आता क्रमवारीच्या तळाशी नाहीत. या काळात अर्बुदाच्या जीवशास्त्रात काहीही बदल झालेला नाही. बदलले ते औषध. यावरून एक निष्कर्ष अटळ ठरतो : ग्राही-स्थितीचे पूर्वानुमानमूल्य हे अर्बुदाचे स्थिर लक्षण नसून त्या त्या काळी व त्या त्या स्थळी उपलब्ध असलेल्या उपचाराशी बांधलेले असते.

३. काळाचा प्रश्न : पाच वर्षांची चौकट

जीवितकालाची बहुतेक कोष्टके पाच वर्षांवर थांबतात. ग्राही-स्थितीच्या बाबतीत ही चौकट विशेष फसवी आहे.

टोरांटो येथील १६०१ स्त्रियांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १८० स्त्रियांची अर्बुदे ट्रिपल निगेटिव्ह होती. या स्त्रियांमध्ये रोग दूरच्या अवयवांत उलटण्याचा धोका निदानानंतर सुमारे तिसऱ्या वर्षी शिखरावर पोहोचला आणि त्यानंतर झपाट्याने ओसरला. पहिल्या पाच वर्षांत मृत्यूचा धोका इतरांच्या तिपटीहून अधिक होता. त्यानंतर तो तसा राहिला नाही.

याच्या नेमके उलट चित्र ईस्ट्रोजेन-ग्राही सकारात्मक अर्बुदांचे आहे. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६२,९२३ स्त्रियांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या संप्रेरक-उपचारानंतर या सर्वजणी रोगमुक्त होत्या. तरीही पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत रोग उलटण्याचे प्रमाण संथपणे, परंतु अखंड चालू राहिले. लहान गाठ असून काखेतील ग्रंथींत रोग नसलेल्या स्त्रियांमध्येही या काळात दूरच्या अवयवांत रोग उलटण्याचा धोका १३ टक्के होता; गाठ मोठी आणि चार ते नऊ ग्रंथी बाधित असल्यास तो ४१ टक्के होता.

संख्याशास्त्राच्या अध्यापकांना यातील अडचण चटकन लक्षात येईल. जीवितकालाच्या विश्लेषणात सर्रास वापरली जाणारी कॉक्स यांची पद्धत दोन गटांतील धोक्यांचे गुणोत्तर काळानुसार स्थिर राहते असे गृहीत धरते. येथे ते गृहीतकच टिकत नाही. अशा स्थितीत संपूर्ण कालावधीसाठी एकच गुणोत्तर छापणे म्हणजे पावसाळा आणि उन्हाळा यांची सरासरी काढून वर्षभराचे हवामान सांगण्यासारखे आहे. 'नकारात्मक' शेरा असलेली स्त्री पाच-सहा वर्षे सुखरूप पार करते तेव्हा तिच्यासाठी जुने समीकरण बरेचसे निरर्थक झालेले असते. 'सकारात्मक' शेरा असलेल्या स्त्रीला पाचव्या वर्षी 'आता धोका टळला' असे सांगणेही तितकेच अयोग्य ठरते.

४. अवस्था विरुद्ध ग्राही

रोग कोणत्या अवस्थेत सापडला, हा प्रश्न ग्राही-स्थितीच्या चर्चेत अनेकदा मागे पडतो. अमेरिकेच्या नोंदणीतील आकडे येथे उद्बोधक आहेत. स्तनापुरता मर्यादित असलेला ट्रिपल निगेटिव्ह रोग असलेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक हयात असतात. उलट, 'अनुकूल' समजल्या जाणाऱ्या संप्रेरक-ग्राही सकारात्मक प्रकारातही रोग दूरवर पसरल्यावर हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर येते. अनुकूल ग्राही उशिरा झालेल्या निदानाची भरपाई करू शकत नाही, आणि प्रतिकूल ग्राही लवकर झालेल्या निदानाचा लाभ पुसून टाकत नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या मुद्द्याला विशेष वजन आहे. मुंबईत टाटा स्मारक केंद्राने १९९८ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. एका गटातील स्त्रियांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडला. सर्व वयोगटांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक ठरली नाही. परंतु पन्नास वर्षे व त्यावरील स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. या तपासणीला यंत्र लागत नाही आणि तिच्यासाठी ग्राही कोणता हे ठाऊक असण्याचीही गरज नसते.

५. चाचणीची विश्वसनीयता

आतापर्यंतच्या चर्चेत अहवालावरचा शेरा बरोबर आहे असे गृहीत धरले होते. तेही नेहमी धरता येत नाही.

कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळातील संप्रेरक-ग्राही चाचण्यांत गंभीर चुका झाल्याचे उघडकीस आले. एक हजाराहून अधिक रुग्णांचे नमुने टोरांटोला पाठवून पुन्हा तपासण्यात आले. त्यांपैकी साडेतीनशेहून अधिक स्त्रियांचे मूळ अहवाल चुकीचे ठरले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल सादर केला. ज्यांना 'नकारात्मक' ठरविले गेले होते, त्यांच्यापैकी अनेकींना टॅमॉक्सिफेनची संधी मिळालेलीच नव्हती. फेरतपासणी झाली तोवर काहींचा मृत्यू झाला होता.

अशा चुकांचे मूळ बहुधा साध्या गोष्टींत असते. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये न पडणे, मोठी गाठ न कापता तशीच बुडविल्याने द्रव आतपर्यंत न पोहोचणे, ती द्रवात फार कमी किंवा फार जास्त वेळ राहणे, अशा कारणांनी ग्राही-प्रथिने नष्ट होतात. अमेरिकन तज्ज्ञसंस्थांच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी नमुना सहा ते बहात्तर तास फॉर्मॅलिनमध्ये असावा असे सांगितले आणि एक टक्का पेशी रंगल्या तरी अर्बुद सकारात्मक मानावे असे ठरविले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी दहा टक्क्यांची सीमा वापरली जात होती. म्हणजे केवळ रेषा सरकविल्यानेही काही स्त्रिया एका गटातून दुसऱ्या गटात जातात.

येथे एक सूक्ष्म, परंतु महत्त्वाची बाब आहे. नमुना खराब झाल्याने होणारी चूक प्रामुख्याने एकाच दिशेने होते : असलेला ग्राही 'नाही' ठरतो. अशा स्त्रीला तिला लागू पडणारे स्वस्त औषध मिळत नाही, आणि तिचा मृत्यू झाल्यास तो 'ग्राही-नकारात्मक' गटाच्या खात्यावर नोंदला जातो. प्रयोगशाळेची चूक अशा रीतीने जीवशास्त्राचा निष्कर्ष बनून कोष्टकात बसते.

६. भारतीय आकडेवारीचे वाचन

टाटा स्मारक रुग्णालयातून २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७९८ अर्बुदांच्या अभ्यासात ईस्ट्रोजेन-ग्राही सकारात्मकतेचे प्रमाण ३२.६ टक्के होते. याच संस्थेतून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात संप्रेरक-ग्राही असलेल्या अर्बुदांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले. इतक्या अल्पावधीत भारतीय स्त्रियांच्या अर्बुदांचे जीवशास्त्र पालटले असे मानणे कठीण आहे. नमुना हाताळण्याच्या पद्धती आणि सीमारेषा यांचा वाटा त्यात असणार, हे उघड आहे. आफ्रिकेतील अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित आढाव्यातही जुन्या साठविलेल्या नमुन्यांपेक्षा नियोजनपूर्वक गोळा केलेल्या नमुन्यांत सकारात्मकता अधिक आढळली होती.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा भारतीय अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ट्रिपल निगेटिव्ह रोगाचे प्रमाण ३१ टक्के आढळले. पाश्चात्त्य देशांत ते सामान्यतः १२ ते १७ टक्के सांगितले जाते. यावरून 'भारतीय स्त्रियांना हा आक्रमक रोग दुप्पट होतो' असे अनुमान अनेक लेखांत काढलेले दिसते. ते तर्कदृष्ट्या सदोष आहे, कारण येथे प्रमाण आणि दर यांची गल्लत होते. समजा, एका समाजात ठरावीक लोकसंख्येमागे १०० स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो व त्यांपैकी १५ जणींचा रोग ट्रिपल निगेटिव्ह आहे. दुसऱ्या समाजात तेवढ्याच लोकसंख्येमागे ५० जणींना रोग होतो व त्यांतही १५ ट्रिपल निगेटिव्ह आहेत. दुसऱ्या समाजातील प्रमाण दुप्पट दिसेल, पण दर तोच आहे. भारतातील स्तनकर्करोगाचा वयप्रमाणित दर अमेरिकेच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे आणि उतारवयात अधिक आढळणारा ग्राही-सकारात्मक रोग येथे त्या मानाने कमी आहे. ही पार्श्वभूमी न सांगता दिलेली टक्केवारी अनाठायी भीती निर्माण करते.

दुसरा प्रश्न उपचारांच्या उपलब्धतेचा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्याच २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हर-२ विरोधी औषधास पात्र असलेल्या स्त्रियांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी स्त्रियांना ते मिळू शकले होते. २०१४ मध्ये देशी बनावटीचे समतुल्य औषध बाजारात आले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्रास्टुझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ज्या स्त्रीला औषध परवडत नाही तिच्यासाठी हर-२ चा अर्थ १९८७ चाच राहतो, मग तिचे निदान कोणत्याही वर्षी झालेले असो. अशा रुग्णांचा जीवितकाल मोजून 'हर-२ सकारात्मकता प्रतिकूल आहे' असा निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासाने वस्तुतः दारिद्र्य मोजलेले असते आणि त्याला ग्राहीचे नाव दिलेले असते.

७. 'नकारात्मक' या वर्गाची मर्यादा

ट्रिपल निगेटिव्ह हा वर्ग जे नाही त्यावरून बांधलेला आहे. तीन गोष्टी नसणे एवढेच त्यातील अर्बुदांचे साम्य. २००० मध्ये पेरू आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या अभिव्यक्तीवरून स्तनाच्या अर्बुदांचे जे प्रकार दाखविले, तेही या वर्गाशी तंतोतंत जुळत नाहीत. नवे उपचार आल्यावर हा वर्ग आतून फुटू लागला आहे. टाटा स्मारक केंद्राने ७२० स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये मांडण्यात आले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन या जुन्या व तुलनेने स्वस्त औषधाची भर घातल्यास पन्नास वर्षे व त्याखालील स्त्रियांना लाभ होतो, असे त्यातून दिसले. पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीवर आधारित औषधामुळे पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ८१.७ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांपर्यंत गेल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मधील एका चाचणीने तर पूर्वी 'हर-२ नकारात्मक' गणल्या जाणाऱ्या, पण अल्प प्रमाणात हर-२ असलेल्या प्रसारित रोगातही ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकन हे औषध जीवितकाल वाढविते असे दाखविले. कालचा 'नकारात्मक' शेरा आज तसाच राहिलेला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनाचा उद्देश ग्राही-चाचणीचे महत्त्व कमी करण्याचा नाही. ही चाचणी न करता उपचार ठरविणे आज अक्षम्य मानले पाहिजे. न्यूफाउंडलंडचा धडा चाचणी टाळण्याचा नसून ती नीट करण्याचा आहे. तसेच समान अवस्थेत व चांगले उपचार मिळूनही ट्रिपल निगेटिव्ह रोग पहिल्या काही वर्षांत अधिक घातक ठरतो, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. आक्षेप आहे तो ग्राही-स्थितीला नियतीचे रूप देण्याला.

महाविद्यालये आणि संलग्न रुग्णालये यांच्यातून या विषयावर अनेक लघुअभ्यास होत असतात. त्यांचे परीक्षण करताना निदान पाच बाबींची मागणी व्हावी : नमुना फॉर्मॅलिनमध्ये किती काळ होता, सकारात्मकतेची सीमा कोणती धरली, निदानाच्या वेळी अवस्था कोणती होती, शिफारस केलेला उपचार प्रत्यक्षात किती जणींना मिळाला आणि किती जणींनी तो पूर्ण केला, पाठपुरावा किती वर्षांचा होता. ही माहिती नसेल तर जीवितकालाचा आलेख कितीही सुबक असला तरी त्याचे श्रेय वा दोष ग्राहीला देता येणार नाही. अहवालातील त्या तीन ओळींवरून उपचाराची दिशा ठरते. त्या दिशेने किती अंतर कापले जाईल, हे मात्र निदान किती लवकर झाले, प्रयोगशाळेने काम किती काटेकोरपणे केले आणि औषध प्रत्यक्ष हाती पडले की नाही, यांवर अवलंबून असते. यातील कोणतीही गोष्ट अर्बुदाच्या स्वभावात लिहिलेली नाही. म्हणूनच ती बदलता येण्याजोगी आहे.